फ्रॅकिंग आणि पिण्याचं पाणी: धोका नेमका कुठून येतो?

कातळरेघ

फ्रॅकिंगचा, म्हणजे तेल-वायू काढायला खोल खडकाला दाबाने तडे पाडण्याचा, विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांतच अडकते. एक बाजू म्हणते, "खडक दोन-तीन किलोमीटर खाली फोडतात, पिण्याचं पाणी शंभर-दोनशे मीटरवर असतं, संबंध येतोच कुठे?" दुसरी बाजू नळाला काडी लावल्यावर भडकणाऱ्या जाळाचा व्हिडिओ पुढे करते. मी भूजलात काम करतो आणि या विषयावर बरंच वाचलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खोलवर पडलेल्या तड्यापेक्षा त्या तड्यापर्यंत जाणारी विहीर आणि तिच्यातून परत वर येणारं पाणी, या दोन गोष्टी जास्त धोक्याच्या आहेत. आणि नुकसान झालं की नाही हे ठरवायला ड्रिलिंगच्या आधीची पाणीतपासणी हातात हवी. बहुतेक ठिकाणी ती नव्हती, म्हणून पंधरा-वीस वर्षं झाली तरी तीच भांडणं चालू आहेत.

खडकाला दाबाने तडे पाडण्याचा पहिला प्रयोग १९४७ साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या ह्यूगटन वायुक्षेत्रात झाला. तेव्हाच्या विहिरी सरळ उभ्या आणि दाबायचं द्रव थोडं. आज आपण ज्याबद्दल बोलतो ते तंत्र १९९० च्या दशकात टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) जमून आलं. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने घट्ट जेलऐवजी घर्षण कमी करणारं रसायन घातलेलं पातळ पाणी वापरलं, आणि पुढे त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली. विहीर शेलच्या थरापर्यंत खाली जाते, तिथे वळते आणि त्या थरातूनच किलोमीटर-दोन किलोमीटर आडवी जाते. आडव्या भागातल्या केसिंगला, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीला, टप्प्याटप्प्याने भोकं पाडायची आणि पाणी, वाळू, रसायनं यांचं मिश्रण प्रचंड दाबाने सोडायचं. खडक तडकतो, तड्यांत वाळूचे कण अडकून राहतात आणि त्या फटींतून वायू किंवा तेल विहिरीकडे येतं.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या आकड्यांनुसार एका विहिरीला १५ लाख ते १ कोटी ६० लाख गॅलन पाणी लागतं, म्हणजे साधारण ५७ लाख ते ६ कोटी लिटर. देशाच्या एकूण वापरात हे किरकोळच दिसतं, आणि उद्योगाची माणसं तेवढंच सांगून थांबतात. पण पाणी देशाच्या सरासरीतून उपसत नाहीत, एका ठरावीक नदीतून किंवा एका ठरावीक भूजलसाठ्यातून उपसतात. २०११-१२ च्या पाहणीत ४०१ कौंटींपैकी (कौंटी म्हणजे तिथला जिल्हा) बहुतेकींमध्ये फ्रॅकिंगचा वाटा एक टक्क्याच्या आत होता, तर २६ कौंटींमध्ये तो तिथल्या एकूण वापराच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त होता. शिवाय शेतीला दिलेल्या पाण्यातलं थोडं मुरून तरी परत येतं. इथे दाबलेल्या पाण्याचा मोठा भाग शेलमध्येच अडकून राहतो. तो जलचक्रातून कायमचा गेला.

मिश्रणात ९० ते ९७ टक्के पाणी, बाकी वाळू आणि दोन टक्क्यांपर्यंत रसायनं असतात. घर्षण कमी करणारी, जंतुनाशकं, गंज रोखणारी, आम्लं. दोन टक्के ऐकायला कमी वाटतात. एक कोटी लिटरचे दोन टक्के करून पाहा.

आता मुख्य प्रश्न, हे सगळं पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचतं का? दोन किलोमीटर खडक ओलांडून तडा थेट वरच्या जलधर थरात घुसला, असं सिद्ध झालेलं उदाहरण शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. पण "दोन किलोमीटर" ही खात्री सगळीकडे नसते. वायोमिंगमधल्या पॅव्हिलियनला तडे ३२२ मीटर इतक्या उथळ पातळीवर पाडले होते आणि तिथल्या घरगुती विहिरी २४४ मीटरपर्यंत खोल होत्या. मधे जाड अभेद्य थरही नव्हता. ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, २०११ मध्ये प्रदूषणाचा संबंध दाखवणारा मसुदा काढला आणि २०१३ मध्ये अंतिम निष्कर्ष न काढताच तपास राज्याच्या हवाली केला. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोच डेटा पुन्हा तपासून सांगितलं की तिथल्या भूजलावर परिणाम झाला आहे. पाच वर्षं तिथले लोक बाहेरून आणलेल्या पाण्यावर अवलंबून, आणि कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर. हे वाचून मला आजही संताप येतो.

बाकी मुद्दे प्रतिसादांतून येतीलच.

शेखर_ब

छान लिहिलंय. पण ईपीएनेच म्हटलं होतं ना, की पिण्याच्या पाण्यावर व्यापक परिणामाचा पुरावा नाही? मला तेव्हाचे मथळे आठवतात.

कातळरेघ

शेखर, ते वाक्य जून २०१५ च्या मसुद्यातलं. व्यापक, सर्वदूर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही, असं त्यात होतं आणि मथळे त्याचेच झाले. मग ईपीएच्याच विज्ञान सल्लागार मंडळाने विचारलं, या वाक्याला आकड्यांचा आधार कुठे आहे? अहवालात तर मोठा भाग माहितीच्या अभावाबद्दल आहे. डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वाक्य काढून टाकलं. अंतिम निष्कर्ष असा, की काही परिस्थितींत फ्रॅकिंगशी निगडित कामांचा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांवर परिणाम होऊ शकतो. कुठल्या परिस्थितीत, तेही दिलं आहे: पाण्याची टंचाई असताना उपसा, रसायनं किंवा सांडपाणी सांडणं, ज्या विहिरीचं केसिंग-सिमेंट धड नाही तिच्यात दाब देणं, थेट भूजलसाठ्यातच द्रव सोडणं, अपुरी प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदीत सोडणं आणि अस्तर नसलेल्या खड्ड्यांत ते साठवणं. या दुरुस्तीच्या बातम्याही आल्या, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पहिलाच मथळा.

गाळणी

नळाच्या जाळाचं काय? तो खरा की खोटा?

स्तरभेद

विहिरींच्या सिमेंटिंगचं काम केलंय, त्यामुळे यावर मी बोलतो.

जाळ खरा असतो. प्रश्न असतो तो मिथेन आला कुठून याचा. कोळशाचे थर, दलदली, उथळ खडक यांतला मिथेन निसर्गतःच विहिरीत येतो आणि अशा भागांत ड्रिलिंगच्या आधीपासून नळ पेटल्याच्या नोंदी आहेत. म्हणून नुसता जाळ दाखवून काही सिद्ध होत नाही.

पण ज्या ठिकाणी तो ड्रिलिंगमुळे आला, तिथे बहुतेक वेळा दोषी सिमेंट असतं. विहीर पाडली की पोलादी केसिंग उतरवतात आणि केसिंग व खडक यांच्यामधल्या गोल फटीत खालून वर सिमेंट चढवतात. त्या फटीत आधीपासून ड्रिलिंगचा चिखल भरलेला असतो, सिमेंटने तो पूर्ण ढकलून बाहेर काढायला हवा. केसिंग भोकाच्या बरोबर मध्यावर नसेल, एका बाजूला टेकलेलं असेल, तर सिमेंट रुंद बाजूने वर चढतं आणि अरुंद बाजूला चिखलाची पट्टी तशीच राहते. पुढे ती सुकते, आकसते आणि वायूला उभा रस्ता तयार होतो. केसिंग मध्यावर धरायला सेंट्रलायझर लावतात. घाईत आणि खर्च वाचवायला तेच कमी केले जातात. दुसरी अडचण सिमेंट घट्ट होतानाची. द्रव असताना त्याचं वजन वायूला दाबून ठेवतं. घट्ट व्हायला लागलं की तो दाब उतरतो, पण ताकद अजून आलेली नसते. त्या अवधीत एखाद्या थरातला वायू आत घुसला की सिमेंटमध्येच नळी पडते.

हे तपासायला बॉन्ड लॉग घेतात. आत ध्वनीचं उपकरण सोडायचं; हाताने घट्ट धरलेली थाळी वाजत नाही आणि मोकळी खणखणते, तसं जिथे सिमेंट चिकटलेलं नाही तिथे केसिंग वाजतं आणि आलेखाची रेघ उसळते. पण हा लॉग प्रत्येक विहिरीत घेणं सक्तीचं असतंच असं नाही, आणि अरुंद पट्टी त्यातूनही निसटू शकते.

म्हणजे हा वायू शेलमधूनच यायला हवा असंही नाही. मधल्या एखाद्या थरातला वायू खराब सिमेंटच्या कडेने वर चढतो. मग कंपनी म्हणते "हा आमच्या शेलमधला नाही", आणि ते खरंही असतं. पण रस्ता कोणी करून दिला?

कातळरेघ

स्तरभेद, फार मोलाचा प्रतिसाद. पेनसिल्व्हेनियातल्या डिमकला हेच झालं. १ जानेवारी २००९ ला तिथे एका घरच्या विहिरीचा स्फोट झाला. साठलेल्या मिथेनने पेट घेतला होता. वाद, तडजोडी, आदेश, पुन्हा वाद असं करत अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने न्यायालयात आरोपांना आव्हान न देण्याची भूमिका घेतली आणि तिथल्या घरांसाठी नवीन जलवाहिनीला १ कोटी ६० लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं मान्य केलं. स्फोट ते निकाल, जवळपास चौदा वर्षं.

संशोधनही त्याच दिशेला जातं. ड्यूक विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात वायुविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतल्या पाण्याच्या विहिरींत सरासरी १९.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मिथेन होता आणि त्यापलीकडच्या विहिरींत १.१. त्यात फ्रॅकिंगचं द्रव मात्र सापडलं नाही. २०१४ मध्ये त्याच गटातल्या संशोधकांनी निष्क्रिय वायूंचे माग काढून प्रदूषित विहिरींच्या आठ समूहांचा शोध घेतला. सगळीकडे बोट गेलं ते सिमेंट, केसिंग किंवा विहिरीतल्या बिघाडाकडे.

गाळणी

मिथेन पिण्यात आला तर विषारी असतो का?

द्रावणी

(रसायनशास्त्र, पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत काम.)

मिथेन स्वतः पोटात जाऊन विषबाधा करत नाही. धोका स्फोटाचा. पाण्यातून सुटलेला मिथेन बंद पंपघरात किंवा तळघरात साठला आणि हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान गेलं की एक ठिणगी पुरते. अमेरिकेत १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर लक्ष ठेवायला सांगतात आणि २८ ला लगेच उपाय करायला सांगतात, कारण साध्या हवेच्या दाबाला पाण्यात साधारण तेवढाच मिथेन विरघळून राहतो.

दुसरा परिणाम उशिरा कळतो. भूजलातले जिवाणू मिथेन खातात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन, मग लोह-मँगनीजची ऑक्साइडं, सल्फेट वापरतात. पाणी लालसर-काळपट होतं, सडक्या अंड्याचा वास येतो, आणि लोहाला चिकटून बसलेलं आर्सेनिक सुटण्याची शक्यता असते. विहीरमालक सांगतो "पाण्याचा रंग बदलला", तेव्हा त्याला वेड्यात काढू नये.

नमुना घेण्याबद्दल एक सांगते, कारण अर्धे वाद इथेच बिघडतात. मिथेनसाठी नमुना साध्या बाटलीत नळाखाली भरून आणला तर तो निरुपयोगी, वायू वाटेतच उडालेला असतो. साठवण टाकीच्या आधीच्या तोटीवरून, विहिरीतलं जुनं पाणी वाहून गेल्यावर, बारीक नळी बाटलीच्या तळाशी धरून पाणी हळू भरायचं, ओसंडू द्यायचं, झाकण लावून बाटली उलटी करायची. आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायची. पाण्याला खूप वायू असेल तर तो बाटलीतच सुटत राहतो, मग बंद पिशवीत किंवा पाण्याखाली बुडवून नमुना घ्यावा लागतो. हे सगळं लिहून ठेवलेलं नसेल तर न्यायालयात तो आकडा टिकत नाही.

द्रावणी

वरच्या प्रतिसादात राहिलं: परत येणाऱ्या पाण्याबद्दल कोणीच नीट बोललं नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे.

सुरुवातीच्या दिवसांत दाबलेलंच पाणी परत येतं, त्याला फ्लोबॅक म्हणतात. नंतर वर्षानुवर्षं तेल-वायूबरोबर खडकातलं प्राचीन खारं पाणी येत राहतं. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ हजार मिलिग्रॅम प्रतिलिटर क्षार असतात. पेनसिल्व्हेनियाखालच्या मार्सेलस शेलच्या पाण्यात त्याच्या पाच-सात पट सापडतात. सोबत बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड आणि किरणोत्सर्गी रेडियम. यातलं काहीही कंपनीने घातलेलं नाही, खडकातूनच आलंय. म्हणून फक्त रसायनांच्या यादीवर भांडणं अपुरं आहे.

पेनसिल्व्हेनियात सुरुवातीला हे पाणी शहरांच्या सांडपाणी केंद्रांत सोडत होते. त्या केंद्रांना क्षार काढता येत नाहीत, ते सरळ नदीत जायचे. खालच्या शहराने त्या नदीचं पाणी उचलून क्लोरीन घातलं की ब्रोमाइडपासून ब्रोमीनयुक्त ट्रायहॅलोमिथेन तयार होतात, आणि ती जास्त घातक. मे २०११ मध्ये राज्याने कंपन्यांना हे थांबवायला सांगितलं. देशभर बंदी आली २०१६ मध्ये. दरम्यान ब्लॅकलिक नाल्यात एका प्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी गाळात वरच्या बाजूच्या सुमारे २०० पट रेडियम सापडलं होतं. पाणी वाहून जातं. रेडियम मात्र गाळात बसून राहतं, आणि रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे.

शेखर_ब

रेडियमचं हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

मोजपट्टी

दुसरी बाजू मांडतो, कृपया शांतपणे वाचा. कोळशाच्या खाणींतून येणारं आम्लयुक्त पाणी, राखेचे तलाव, औष्णिक केंद्रांना थंड करायला लागणारं पाणी हे सगळं धरलं तर तेवढ्याच विजेसाठी शेल वायूला एकूण पाणी कमी लागतं. फ्रॅकिंग बंद करून त्या जागी कोळसा आला तर पाण्याचं भलं होणार नाही. शिवाय पेनसिल्व्हेनियात आता परत आलेल्या पाण्यातलं बरंचसं पुढच्या विहिरीत पुन्हा वापरतात. उद्योग सुधारतो आहे.

कातळरेघ

मोजपट्टी, मुद्दा रास्त आहे. मी कोळशाची बाजू घेणार नाही. पण प्रतियुनिट पाणी कमी लागणं आणि एखाद्या घराची विहीर बिघडणं या एकमेकांतून वजा करता येणाऱ्या गोष्टी नाहीत. फायदा सगळ्या देशात वाटला जातो आणि ज्याची विहीर गेली त्याच्या वाट्याला पूर्ण तोटा येतो. पुनर्वापर चांगलाच, पण त्याला पुढची विहीर लागते. नवीन विहिरी थांबल्या तरी जुन्यांतून खारं पाणी येतच राहतं.

आणि ते नुसतं इकडून तिकडे नेण्यातसुद्धा काय होतं ते पाहा. नॉर्थ डकोटात विलिस्टनजवळ खाऱ्या पाण्याची वाहिनी ऑगस्ट २०१४ पासून गळत होती. जानेवारी २०१५ पर्यंत, १४३ दिवस. सुमारे २ कोटी ९० लाख गॅलन, म्हणजे जवळपास ११ कोटी लिटर बाहेर गेलं आणि नाल्यांतून मिसुरी नदीच्या खोऱ्यापर्यंत पोचलं. एका टोकाला किती घातलं आणि दुसऱ्या टोकाला किती पोचलं, ही साधी वजाबाकी वेळेवर झाली असती तरी कळलं असतं. सांडलेलं तेल निदान दिसतं. खारं पाणी दिसत नाही, जमीन मात्र नापीक करून जातं.

ओंजळ

भूकंपांचं राहिलं. ओक्लाहोमात २००८ च्या आधी तीनच्या वरचे भूकंप वर्षाला एक-दोन व्हायचे, २०१५ मध्ये ९०० हून जास्त झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीला ५.८ चा झाला.

स्तरभेद

ओंजळ, आकडे बरोबर, पण तिथे बहुतांश भूकंपांना कारण ठरलं ते खारं पाणी खोल विहिरींत कायमचं जिरवणं. त्यातलं पुष्कळ पाणी फ्रॅकिंगचं नव्हतंच, तेलाबरोबर निघालेलं होतं. खोल थरांतला दाब वाढला आणि जुन्या भ्रंशरेषा सरकल्या. थेट फ्रॅकिंगने झालेले भूकंपही आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लंडच्या लँकशायरमध्ये २.९ चा झाला आणि त्या नोव्हेंबरात तिथे काम स्थगित झालं.

गाळणी

एवढं सगळं माहीत असून कायदा काय करत होता?

कातळरेघ

गाळणी, कायद्याने दारच लावून घेतलं होतं. १९९७ मध्ये अलाबामातल्या एका खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की फ्रॅकिंग म्हणजे जमिनीत द्रव सोडणंच आहे, तेव्हा ते पेयजल सुरक्षा कायद्याखाली यायला हवं. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने डिझेलचा अपवाद सोडून त्याला त्या व्याख्येतूनच वगळलं. तेल-वायूच्या कचऱ्याला घातक कचऱ्याच्या नियमांतून सूट तर १९८० च्या दशकापासूनच आहे. रसायनांची नोंद करायला २०११ मध्ये फ्रॅकफोकस सुरू झालं, पण ईपीएने त्या नोंदी तपासल्या तेव्हा ७० टक्क्यांहून जास्त नोंदींत किमान एक घटक व्यापारी गुपित म्हणून झाकलेला होता. विहिरीचा मालक प्रयोगशाळेत जाऊन सांगणार काय, काय शोधा म्हणून?

एक तरतूद मला मनापासून आवडते. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२ च्या कायद्यात वायुविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत आणि कामानंतर बारा महिन्यांत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचाच धरतात. तो आपला नाही हे तिने सिद्ध करायचं. त्यामुळे कंपन्या स्वतःहूनच आधी पाणी तपासून घेतात. बंदी घालायची की नाही हा राजकीय निर्णय, फ्रान्सने २०११ मध्ये घातली. पण जिथे काम चालू आहे तिथे सिद्ध करण्याचं ओझं या बाजूला असणं मला किमान अट वाटते.

ओंजळ

द्रावणी, एखाद्या भागात असं काम येणार असेल तर आधी नेमकं काय तपासून घ्यावं?

द्रावणी

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, ब्रोमाइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम, लोह, मँगनीज, आर्सेनिक, मिथेन, इथेन, बेंझीन गटातली संयुगं. जमलं तर रेडियम. क्लोराइड आणि ब्रोमाइड दोन्ही घ्याच, कारण त्यांच्या गुणोत्तरावरून रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि खोल खडकातलं खारं पाणी यांत फरक करता येतो. इथेनही सोडू नका. जिवाणूंनी बनवलेल्या वायूत तो जवळपास नसतो, खोल वायूत असतो. मिथेन सापडलाच तर कार्बनच्या समस्थानिकांची चाचणी करून ठेवा, ती महाग असते पण आधीच्या वायूची ओळख तिनेच पटते.

एकदा तपासून भागत नाही. पाऊसकाळ आणि कोरडा काळ, दोन्ही वेळा घ्या, नाहीतर ऋतूचा फरक प्रदूषण म्हणून किंवा प्रदूषण ऋतूचा फरक म्हणून खपवलं जातं. नमुना स्वतंत्र प्रयोगशाळेने घ्यावा, मालकाने भरून नेऊ नये. आणि कंपनीने तपासणी करून दिली तर अहवालाची पूर्ण प्रत, प्रयोगशाळेच्या मूळ आकड्यांसकट, काम सुरू होण्याआधी मागून घ्या.

ओंजळ

हे उतरवून घेतलं. पाण्याची पातळीही मोजून ठेवायची ना?

द्रावणी

हो, प्रत्येक नमुन्याबरोबर. विहीर किती खोल आहे आणि केसिंग कुठपर्यंत आहे तेही त्याच कागदावर लिहा.